छाटलेल्या काड्या फेकू नका

दसरा झाला की आपल्या शहरात गुलाबांची छाटणी सुरू होते. फाटकाबाहेर काट्यांचे ढीग पडतात आणि सकाळी घंटागाडी ते घेऊन जाते. त्या ढिगात ‘मृणालिनी’ असेल, ‘रक्तगंधा’ असेल. दोन्ही दिल्लीच्या पुसा संस्थेच्या लेकी. रोपवाटिकेत आज ही नावं विचारा. ‘लाल’, ‘गुलाबी’, नाहीतर ‘डच’, एवढंच उत्तर मिळतं.

माझ्याकडे पांढरा ‘डॉ. होमी भाभा’ आहे. जस्ताच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेलं त्याचं नाव आता बोटानेच वाचावं लागतं. 1968 चा हा गुलाब डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचा. तांबेऱ्याला दाद न देणारा गहू शोधणारे आणि 1965 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले हे शास्त्रज्ञ आयुष्यभर गुलाबांचे संकर करत राहिले. उमलण्याआधी कळीच्या पाकळ्या नि पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची आणि फळ पिकेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं. शेकडो रोपांतून एखादंच ठेवण्याजोगं निघतं. त्याच्या बियांतून मात्र तेच फूल पुन्हा येत नाही. काडीवरचा डोळा खुंटावर भरणारं कुणी उरलं नाही, की ती जात संपलीच.

1939 मध्ये युद्ध दाराशी आलं, तेव्हा फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयां यांनी आपल्या नव्या गुलाबाच्या काड्या परदेशी धाडल्या. 1945 मध्ये अमेरिकेत तो ‘पीस’ या नावाने जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मानाच्या पुरस्काराचा धनी ठरला. तो जगला तो काड्यांवर.

आपल्याकडे काडीपासून झाड जगवायचं कसब नाही असं कसं म्हणायचं? आपल्याच शहरात, हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात केशर आंब्याची कलमं बांधणारे हात आहेत. त्या केंद्राने आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाने भारतीय गुलाबांच्या मातृवृक्षांसाठी एकेक वाफा द्यावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. पण त्यांची वाट बघत बसू नका. नाव ठाऊक असलेला प्रत्येक जुना गुलाब किमान तीन घरांत हवा. नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड काडी निवडा, नावाची चिठ्ठी बांधा आणि त्याच दिवशी शेजारी पोचवा.

‘होमी भाभा’च्या सहा काड्या मी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. खुंट घेऊन या.