ओपिही आणि मोजपट्टी

संरक्षणास पात्र असा समुद्रातील प्राणी कोणता, असे विचारले तर आपण देवमाशाचे किंवा कासवाचे नाव घेऊ. खडकाला चिकटून बसणाऱ्या, टोपीच्या आकाराच्या गोगलगायीचे नाव कोणी घेणार नाही. पण प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर ‘ओपिही’ नावाच्या या प्राण्याचा प्रश्न गंभीर आहे.

ओपिहीच्या तीन जाती जगात केवळ हवाई बेटांवरच आढळतात. (त्यांचे एक भावंड कोकण-गोव्याच्या खडकांवरही असते, पण ते निराळ्या जातीचे.) लाटांचा मारा जेथे सर्वांत जास्त, तेथे यांचा मुक्काम. ते काढताना माणसे वाहून जातात, तरी मेजवानीत ओपिही हवेच! 1900 च्या सुमारास बाजारात वर्षाला सुमारे दीड लाख पौंड ओपिही येत असे. 1970 च्या दशकापर्यंत हा आकडा त्याच्या एकदशांशावर आला.

सरकारने कायदा केला : सव्वा इंचाहून लहान कवचाचे ओपिही काढू नये. हेतू चांगला. पण माझ्या मते ही मोजपट्टी अपुरी आहे. ती पिलांना वाचवते आणि थोरांना माणसाच्या हाती देते. वास्तविक सर्वाधिक अंडी थोर माद्याच घालतात. शिवाय नर-मादी आपापली बीजे पाण्यात सोडतात. शेजार विरळ झाला की बीजांची गाठच पडत नाही. पिले पाण्यात तरंगतात तीही थोडेच दिवस. त्यामुळे एका बेटाची तूट दुसरे बेट सहजी भरून काढीत नाही.

म्हणून एकेका कवचाला नव्हे, तर सबंध किनाऱ्यालाच विसावा हवा. हवाईच्या पूर्वजांना हे ठाऊक होते. ‘कपू’ पुकारून ते ठराविक काळ मासेमारी बंद ठेवीत. 2016 मध्ये काऊपुलेहू येथील किनारा दहा वर्षांसाठी बंद झाला, तोही तेथील रहिवाशांच्याच मागणीवरून.

‘गरिबाच्या ताटातले काढून घेता काय?’ असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. परंतु ही बंदी मागणारे तेच होते, ज्यांच्या ताटात ओपिही पिढ्यान्‌पिढ्या वाढले गेले. नातवंडांच्या पानातही ते पडावे म्हणून त्यांनी स्वतःचा हात आखडता घेतला. कायद्याच्या मोजपट्टीला एवढे दूरचे दिसत नाही.