पहिला बर्फ आई-बाबांना दाखवला. चौथ्या दिवसाचं काय?

मंडळी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कॅल्गरीत बर्फ पडला की आपल्यात सरळ दोन गट पडतात. पहिला गट "झालं ह्याचं सुरू" म्हणत विंटर टायर बसवायची अपॉइंटमेंट शोधायला लागतो. दुसऱ्या गटाच्या घरी भारतातून आई-बाबा आलेले असतात. मी यंदा दुसऱ्या गटात. सोळा वर्षांत पहिल्यांदाच बर्फ पडल्याचा मला इतका आनंद झाला.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नोकरीभर सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायची सवय. बर्फ थांबला त्या सकाळी मी खाली आले तर हे डेकवर. अंगात जावयाचं जॅकेट, कानाला मफलर, हातात स्टीलची पट्टी. रेलिंगवर नऊ सेंटिमीटर भरला. तेवढ्यावर समाधान नाही. सरळ उभ्या कडांचं एक पातेलं रात्रीच बाहेर ठेवलं होतं, ते आत आणलं, वितळू दिलं आणि पाणी मोजलं. दहा सेंटिमीटर बर्फाचं एक सेंटिमीटर पाणी, असा इथला ढोबळ हिशोब. पण ह्या दिवसांतला बर्फ ओला आणि जड असतो, पाणी जास्त निघतं. तसंच निघालं. "म्हणजे जेमतेम अर्धा इंच पाऊस झाला म्हणायचा," बाबा म्हणाले, "आणि थाट केवढा!"

आईला मोजण्यात रस नव्हता. तिला आश्चर्य वाटलं ते आवाजाचं. "पाऊस पडतोय ते झोपेतही कळतं. हा चोरासारखा आला." पुढे कोजागिरी होती. डेकवरच दूध आटवून प्यायलो, शून्याखाली दोन असताना, दोन-दोन शाली घेऊन. खाली सगळं पांढरं असल्यामुळे चांदणं असं काही पसरलं होतं की दिवा लावावा लागला नाही. कऱ्हाडच्या गच्चीवरची कोजागिरी एकीकडे आणि ही एकीकडे, असं आई फोनवर सगळ्या बहिणींना सांगत होती. फोटो गेले, व्हिडिओ गेले, मामाने "काळजी घ्या" लिहून वर हात जोडलेले पाठवले.

दुसरं एक काम आईने न सांगता केलं. झाडांची पानं अजून गळलेली नव्हती. पिवळी झाली होती, पण होती. त्यांच्यावर ओला बर्फ साचून फांद्या वाकल्या होत्या. आईने केरसुणीचा दांडा घेऊन आमच्या आणि शेजारच्या म्हातारबुवांच्या झाडाच्या फांद्या हळूहळू हलवून मोकळ्या केल्या. नेमकं हेच करायला शहर सांगतं. इथे जुने असलेल्यांना सप्टेंबर २०१४ आठवत असेल. ८ ते १० सप्टेंबर असा तीन दिवस बर्फ पडला, झाडं हिरवीगार होती, आणि फांद्या मोडून तारांवर आणि गाड्यांवर पडल्या. हजारो घरांची वीज गेली. शरदातला बर्फ थोडा असला तरी नुकसान करतो ते असं. डिसेंबरात तेवढाच पडला तर कोणी वळूनही बघत नाही.

तर पहिले तीन दिवस मजेत गेले. पोस्ट लिहायचं कारण चौथा दिवस.

बाबांना साखर आहे. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय आणि ते माणूस नेमाचं, चुकवत नाही. मे महिन्यापासून आमच्या भागातला फूटपाथ ना फूटपाथ त्यांना पाठ झालाय. कुठल्या घरी कुत्रं आहे, कुठल्या बाकावर सकाळी ऊन येतं, सगळं. चौथ्या दिवशी ते गेले आणि दहा मिनिटांत परत आले. दिवसा ऊन पडलं होतं, बर्फ वितळला होता, रात्री त्या पाण्याची काच झाली होती. आपल्याकडे चिनूक सुटला की हे भर हिवाळ्यातही होतं. रॉकीजवरून गरम वारा येतो, काही तासांत पारा शून्याच्या वर जातो, आपण खूश होतो आणि रात्री सगळं पुन्हा गोठतं. पण काच झाली ती सगळीकडे नाही. ज्यांनी पहिल्याच दिवशी फावडं मारलं होतं त्यांच्या घरासमोर कोरडं काँक्रीट होतं. ज्यांनी मारलं नव्हतं तिथे तुडवलेल्या बर्फाची काच. बारा घरांपैकी तीन. चालणाऱ्याला तीनही पुरतात. साखळीची एक कडी तुटली तर बाकीच्या कड्यांचा उपयोग काय?

आता बाबा गॅरेजमध्ये चालतात. गाडी बाहेर काढायची आणि भिंत ते भिंत फेऱ्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे मंडळी. एप्रिलपर्यंत सात महिने!

"मग बर्फाच्या आधी परत पाठवायचं ना" असं म्हणणारे भेटतात. पूर्वी तसंच असायचं, मे मध्ये यायचे आणि दसऱ्याच्या आत परत. आता तो काळ गेला. आई-वडिलांना कायमचं आणण्याची स्पॉन्सरशिप म्हणजे सोडत आहे. २०२० मध्ये इच्छुकांची नावं घेतली आणि त्यानंतर २०२५ पर्यंत त्याच जुन्या यादीतून निमंत्रणं निघत राहिली. ज्यांनी तेव्हा नाव दिलं नाही त्यांना दारच नाही. उरतो सुपर व्हिसा. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. त्यासाठी किमान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा आपल्याच खिशातून. म्हणजे सरकारनेच अशी व्यवस्था केली की आई-वडील पाहुणे म्हणून येतात आणि रहिवाशांसारखे राहतात. पाच वर्षं म्हणजे पाच हिवाळे. आणि ते गाडी चालवत नाहीत. त्यांचा हायवे म्हणजे फूटपाथ, त्यांचं पार्किंग म्हणजे बसस्टॉप.

आता शहराचं बघा. बर्फ थांबला की स्नोप्लाऊ आधी क्रोचाइल्ड ट्रेलसारख्या मोठ्या रस्त्यांवर जातात, मग बसच्या मार्गांवर, वस्तीतल्या गल्ल्या त्यानंतर. गाड्यांच्या संख्येवर क्रम ठरतो. त्याला माझा विरोध नाही, अँब्युलन्स तिथूनच धावते. फूटपाथची गोष्ट मात्र वेगळी. शहर काही मोजका भाग स्वतः साफ करतं, बाकी सगळा फूटपाथ ज्याच्या घरासमोर आहे त्याच्या माथी. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत, काँक्रीट दिसेपर्यंत. नियम कडक आहे, दंड २५० डॉलरपासून वाढत जातो. अंमलबजावणी मात्र तक्रारीवर. कोणी ३११ ला कळवलं तर तपासनीस येणार, नोटीस देणार, तरी नाही केलं तर शहर माणसं पाठवून साफ करणार आणि बिल लावणार. तोवर चिनूक येऊन गेलेला असतो.

आणि कोपरा! फूटपाथ जिथे रस्त्याला उतरतो तो उतार. रस्ता साफ करणारी गाडी जाते आणि गुडघाभर ढिगारा नेमका त्या उतारावर ढकलून देते. घरमालकाला वाटतं ते आपलं नाही, शहराला वाटतं घरमालक करेल. वॉकर घेतलेली बाई, बाबागाडी ढकलणारी आई, चालत निघालेले माझे बाबा, सगळे तिथे अडतात आणि रस्त्यावरून चालायला लागतात.

हे सगळीकडे असंच असतं असं समजू नका. विनिपेगमध्ये वस्तीतले फूटपाथसुद्धा महापालिका साफ करते. मॉन्ट्रियलमध्ये फूटपाथवर चालतील अशा अरुंद गाड्या फिरतात. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा नावाच्या छोट्या गावाने तर क्रमच उलटा केला. आधी फूटपाथ, शाळा-पाळणाघरांकडे जाणारे रस्ते, मग मोठे रस्ते. कारण साधं होतं. चालणाऱ्यांत बायका जास्त, आणि निसरड्यावर जखमी होणाऱ्यांत गाडीवाल्यांपेक्षा चालणारे जास्त. नंतर स्टॉकहोमने ते उचललं. तिथे २०१६ च्या नोव्हेंबरात प्रचंड बर्फ पडून शहर ठप्प झालं तेव्हा ह्या धोरणाची टिंगलही झाली, तेही सांगायला हवं. कुठलाच क्रम मोठ्या वादळाला पुरत नाही. आपल्याकडे २ ऑक्टोबर २०१८ ला एका दिवसात तीस सेंटिमीटरच्या वर पडला तेव्हा आपला क्रम तरी कुठे पुरला?

कॅल्गरी लांबरुंद पसरलेलं शहर आहे, सगळे फूटपाथ शहराने करायचे तर प्रॉपर्टी टॅक्स वाढेल, हे मला मान्य. म्हणून मी सगळे मागत नाही. बसस्टॉपपासून पाचशे मीटरच्या आतले फूटपाथ आणि सगळे कोपऱ्याचे उतार शहराने घ्यावेत, एवढंच. गाडी ज्या उतारावर ढिगारा टाकते तो उचलणं हे तर त्याच कामाचा भाग धरलं पाहिजे. माती खणून खड्डा तसाच सोडला तर कंत्राटदाराला आपण बिल देतो का?

आता थोडं कडू. त्या तीन घरांपैकी एक आपल्यातल्याच एकाचं आहे. नाव घेणार नाही. स्वतः दुसऱ्या भागात राहतात, हे घर वर-खाली दोन कुटुंबांना भाड्याने दिलंय. वरचे म्हणतात खालचे करतील, खालचे म्हणतात करारात नाही. मालकांना मी फोन केला तर म्हणाले, "अहो, वितळेल दोन दिवसांत." गुंतवणुकीवर बोलताना ह्याच गृहस्थांना टक्क्याचा दशांशही तोंडपाठ असतो. करारात एक ओळ घाला, फावडं कोण मारणार ते. नाहीतर महिन्याला ठरावीक रक्कम देऊन माणूस लावा, तोही खर्च भाड्यात धरता येतो. आपले आई-वडील भारतातून आले की त्यांना बॅन्फ दाखवायला नेतो, आणि दुसऱ्याचे आई-वडील आपल्या दारासमोर घसरायला सोडतो, हे काय झालं?

कोणी घसरून पडलं तर विमा आहे ना, असंही ऐकलं. विमा बिल भरतो, आणि तेही अटी बघून. सत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचं हाड मोडलं की त्यापुढे त्याचं जे होतं ते आपण सगळ्यांनी कुणा ना कुणाच्या घरी बघितलंय.

उलट बाजूही बघितली पाहिजे. आपण आई-वडिलांना फार घाबरवतो. "बाहेर जाऊ नका, घसराल" म्हणत त्यांना टीव्हीसमोर बसवून ठेवतो. आमच्या शेजारचे म्हातारबुवा ऐंशीच्या पुढचे आहेत, बुटांना काट्यांच्या पट्ट्या लावून उणे पंधरातही फिरतात. बाबांनाही तशा पट्ट्या आणल्यात, स्की करताना घेतात तशी काठीही आणली. फूटपाथ साफ असेल तर सत्तरीतला माणूस इथला हिवाळा आरामात काढू शकतो, आणि आवडीने काढू शकतो. बाबांनी डेकवर कायमची पट्टी ठोकलीये आणि वहीत रकाने आखलेत.

येत्या शनिवारी सकाळी दहाला आमच्या भागातल्या चार बसस्टॉपांकडे जाणारे कोपरे आम्ही पाच-सहा घरं मिळून मोकळे करतोय. वाळू-मिठाचं मिश्रण शहराकडून फुकट मिळतं, दोन बादल्या आणून ठेवल्यात. फावडं आपलं आपण आणा, चहा आमच्याकडे. ज्यांना लांब पडेल त्यांनी आपल्या भागातल्या अडलेल्या उताराचा फोटो काढून ३११ च्या ॲपवर तक्रार टाका आणि तिचा नंबर खाली कमेंटमध्ये लिहा. तीसेक नंबर जमले की यादी करून आपापल्या नगरसेवकाला पाठवू, बजेटची चर्चा सुरू होण्याआधी. आणि ते भाड्याचं घर ज्यांचं आहे ते ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. दादा, शनिवारी या. तुमच्या दारापासूनच सुरुवात करू.