शब्दाला जागणारा गेम

ग्राफिक्स नाहीत, धाडधाड गोळीबार नाही. स्क्रीनवर चार ओळी आणि खाली लुकलुकणारा कर्सर. आता तुम्ही टाइप करायचं. पेटी उघड. दिवा लाव. उत्तरेला जा. याला म्हणतात टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर. आणि राव, हा प्रकार अजून जिवंत आहे! १९९५ पासून दरवर्षी अशा गेम्सची स्पर्धा भरते.

यातला सुपरस्टार म्हणजे 'झॉर्क'. अमेरिकेत एमआयटीतल्या चौघांनी १९७७ मध्ये तो लिहायला घेतला. त्या वेळच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये अख्खा मावेना, म्हणून त्याचे तीन तुकडे केले. पहिला १९८० मध्ये बाजारात आला. सुरुवातीला काय दिसतं? एक पांढरं घर, फळ्या ठोकून बंद केलेलं दार आणि छोटीशी पत्रपेटी. उघडली की आत पत्रक. ते वाचता येतं, सोबतही नेता येतं. पेटीच उचलायला गेलात तर ती जागची हलत नाही आणि गेम तसं सांगतोही.

सोप्पं वाटतं ना? आता जरा प्रोग्रॅमरच्या खुर्चीत बसा. त्याला प्रत्येक वस्तूची कुंडली मांडावी लागते. उचलता येते का? उघडते का? सध्या उघडी की बंद? लोक तिला पेटी म्हणतील, डबा की बॉक्स? शिवाय वर्णनही बदलायला हवं. पत्रक काढून घेतल्यावरही 'पेटीत पत्रक आहे' असं गेम म्हणत राहिला, की भांडं फुटलंच!

या कामासाठी ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये 'इन्फॉर्म' ही खास भाषा आणली. २००६ साली आलेल्या 'इन्फॉर्म ७'मध्ये तर कोड म्हणजे चक्क साधी इंग्रजी वाक्यं. टेबल खोलीत आहे, कप टेबलावर आहे, अशा थाटाची. ती फुकट मिळते.

पण खरी गोची पुढेच आहे. तुम्ही मस्त मूडमध्ये लिहिता, 'खिडकीत मोगरा, भिंतीवर जुनं घड्याळ, कोपऱ्यात धूळ खाणारी सतार.' खेळणारा खूश! लगेच टाइप करतो, सतार वाजव. गेम म्हणतो, अशी वस्तू इथे नाही. अरे, आत्ता तूच तर सांगितलंस! झालं असं, की कॉम्प्युटरच्या लेखी तुमचं वर्णन म्हणजे नुसती अक्षरं. सतार नावाची वस्तू तुम्ही बनवलीच नव्हती. एका सेकंदात विश्वास खलास.

म्हणून नियम एकच. ज्याचं नाव घ्याल, त्याची जबाबदारी घ्या. तीन वस्तू आणि पाच क्रियापदं म्हणजे पंधरा उत्तरं. झेपत नसेल तर वर्णनातून सतार काढा. ठेवायचीच असेल तर कोडं सोडवायला तिचा उपयोग नसला तरी चालेल. 'तारा गंजल्यात, सूर लागत नाही' एवढं एक वाक्य पुरे. समोरच्याला कळतं, आपण काय करू याचा कुणीतरी आधीच विचार केलाय.

या वीकेंडला आपलंच डेस्क लिहून बघा. तीनच वस्तू, कॉफीचा कप, ड्रॉवर, स्टेपलर. मित्राला खेळायला बसवा आणि स्वतः गप्प राहा. तो कप ड्रॉवरमध्ये ठेवेल, ड्रॉवर बंद करेल आणि टाइप करेल, कॉफी पी. गेमने पिऊ दिली? मग तुमचं काम अजून बाकी आहे, बॉस!