आडोसा कुणी द्यायचा?

मनालीजवळचं भृगू सरोवर साधारण १४,००० फुटांवर आहे. जूनच्या सुरुवातीला तिथं जायचं म्हणजे ओल्या, भुसभुशीत बर्फातून चालायचं. पाय रुततो, बुटात पाणी शिरतं. गडीमाणसं पाठ फिरवून मोकळी होतात. बायकांना आडोसा कुठला? झाडं खालीच संपली, दगड बर्फाखाली. मग आपण काय करतो? सकाळपासून पाणीच पीत नाही! तेही अशा उंचीवर, जिथं शरीराला पाणी जास्तच लागतं. दुपारी डोकं ठणकतं, चाल मंदावते आणि गटप्रमुख ऐकवतो, ‘लेडीजना झेपत नाही.’ (पाळी आली असेल तर विटाळाची कुजबुज वेगळीच.)

बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोहोचल्या. झेपण्याचा वाद तेव्हाच संपला. प्रश्न उरलाय तो चार काठ्या आणि एका कापडाचा. स्वयंपाकाचा तंबू वर नेता येतो, हे नेता येत नाही? भाड्याचे बूटही पुरुषांच्याच मापाचे. त्यात पाय हलतो, आपण घसरतो, आणि दोष आपल्या तोलाचा!

मैत्रिणींनो, फी आपणही पूर्णच भरतो. भरण्याआधी आडोशाचं आणि बुटांचं विचारा. उत्तर लेखी मागा.