दाण्यांचें पुण्य आणि माळ्याची कात्री

इ. स. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत मुंबई महानगरपालिकेनें दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, तेव्हां शहरांत भूतदयेचा केवढा पूर लोटला! जमाव आला, ताडपत्री फाडली गेली, उच्च न्यायालयांत वाद झाला. त्यांतील आरोग्याचा भाग वैद्यांनीं सांगितलाच आहे. तो येथें पुन्हां उगाळीत नाहीं. आम्हांस नवल वाटलें तें निराळेंच. पक्ष्यांचा घास हिरावला म्हणून आक्रोश करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें पक्षी म्हणून एकच जात होती, आणि घास म्हणून एकच पदार्थ होता. मूठभर दाणे फेकले कीं पांखरांचें ऋण फिटलें, ही समजूत आमच्या अंगीं इतकी मुरली आहे कीं दाणे न खाणारेहि पक्षी असतात याचें भानच राहिलेलें नाहीं.

तांबट दाणे टिपावयास जमिनीवर उतरत नाहीं. हळद्या, कोकिळ, बुलबुल यांस ज्वारीच्या राशीवर नेऊन बसविलें तरी त्यांचें पोट भरावयाचें नाहीं. हरियाल तर कबुतराचाच भाऊबंद, शिवाय महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पण त्याचा जीव वड-उंबरांच्या फळांत. ज्याला मानाचें पान दिलें त्याच्या पानावर काय वाढावें हेंच आम्हांस ठाऊक नसावें, यास काय म्हणावें?

कोणी म्हणेल, हिंवाळ्यांत पांखरांसाठीं फळझुडपें लावणें हें विलायती वेड आहे; तिकडे जमीन बर्फाखालीं जाते, किडे मिळत नाहींत, म्हणून तेथील लोक बागेंत लाल फळांचीं झुडपें राखतात; आमच्याकडे बर्फ कोठें आहे? बर्फ नाहीं हें खरें. पण आमच्या रानमेव्याचा हंगाम कोणता तो पाहा. करवंदें, तोरणें, जांभळें हीं सारीं चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत. मार्गशीर्ष-पौषांत उरतें काय? बोरें, आणि कोठें उंबर फळला असला तर तो. याच दिवसांत मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवेच्या थवे येथें पाहुणे असतात. पाहुणे वाढले आणि कोठार आटलें, अशी ही स्थिति. तींत आमच्या शहरांनीं बोरीवर कुऱ्हाड चालविली. कारण काय, तर कांटे बोंचतात आणि पोरें दगड मारतात!

कुऱ्हाडीपेक्षांहि कात्रीचा अपराध आम्ही मोठा समजतों. कोणत्याहि गृहसंस्थेच्या आवारांत शिरा. पिवळ्या दुरांट्याची गुडघाभर भिंत, क्रोटनचे रंगीत पट्टे आणि चौकोनी ठोकळा करून ठेवलेली कामिनी, एवढ्यास बाग म्हणतात. कामिनी मोकळी वाढूं दिली तर पावसाळ्यांत सुवासानें अंगण भरते, मागाहून तिला तांबडीं फळें धरतात, आणि तीं बुलबुल आवडीनें खातात. परंतु कोंवळा शेंडा दिसला कीं माळी पंधरवड्याला तो छाटतो. शेंडा नाहीं म्हणून फूल नाहीं, फूल नाहीं म्हणून फळ नाहीं. झुडूप जिवंत असून निपुत्रिक! माळ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या पगाराचा हिशेब कमिटीचे सभासद भिंतीच्या सरळपणावरून करतात.

मोटारींवर विष्ठा पडते, फरशीवर डाग पडतात, झुडपांत साप येतो, हे आक्षेप नेहमींचेच. जे लोक दाण्यांसाठीं कबुतरांची विष्ठा चार मजल्यांवर सोसतात त्यांनीं बुलबुलाच्या डागांचें भय घालावें, ही गंमतच आहे. साप उंदरांमागें येतो, आणि उंदरांस सांडलेलें धान्यच अधिक प्रिय.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आमच्याच पक्षाच्या उत्साही मंडळींवर येतो. पांखरूं खातें ना, मग लावा कोणतेंहि झुडूप, असें ते म्हणतात. घाणेरीचा इतिहास त्यांनीं आठवावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती शोभेच्या कुंपणासाठीं या देशांत आणली. बुलबुलांनीं तिचीं काळीं फळें खाल्लीं, बिया रानोमाळ टाकल्या, आणि आज सह्याद्रीच्या उतारांवर मैलच्या मैल तिच्याखालीं दबले आहेत. पांखरांची पसंती हें झाडाचें प्रशस्तिपत्र नव्हे. रोपवाटिकेंतील नव्या विलायती फळझुडपाकडे पाहूनच आमच्या मनांत पाल चुकचुकते.

आपल्याकडे वाण थोडे का आहेत? कुंपणास करवंद, कोपऱ्यांत बोर, मधून तुती, स्वयंपाकघरामागें कढीपत्ता. त्याचे फुलोरे मात्र सगळेच खुडूं नयेत. समुद्राकांठीं खाऱ्या जमिनींत पिलू. फालशाची छाटणी हिंवाळ्यांतच करावी लागते, तेव्हां उन्हाळ्यांत तो लगडतो; म्हणजे कात्रीशीं आमचें जन्माचें वैर नाहीं. बांडगूळ आंब्याच्या बागाइतदारानें अवश्य काढावें, पण शोभेच्या जुन्या झाडावर एखादें राहिलें तर राहूं द्यावें. फुलटोच्याचें तें हक्काचें अन्न आहे.

यंदा दिवाळीनंतर कमिटीची सभा भरेल तेव्हां एवढाच ठराव कोणीतरी मांडावा, कीं माघ संपेपर्यंत कुंपणास कात्री लावूं नये, आणि दाण्यांसाठीं जमणाऱ्या वर्गणींतून येत्या मृगांत बोरीचीं आणि करवंदीचीं रोपें आणावीं. विरोध होईल. तो कोण करतो तें पाहून ठेवावें. दादरला ताडपत्रीवरून गहिंवरलेले गृहस्थ त्यांत निघाले तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं.