मामूंची तीनचाकी आणि पावसाचा चिखल

गेल्या पावसाळ्यात दोन जुमे झाले तरी मामू मशिदीत दिसले नाहीत. मामू म्हणजे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांचेच मामू. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. बाजारपेठेच्या तोंडाशी छत्र्या दुरुस्त करायची त्यांची टपरी आहे. पावसाळा हाच त्यांच्या कमाईचा हंगाम आणि नेमक्या त्याच दिवसांत टपरीही बंद. आजारी असतील असे समजून आम्ही डब्यात तांदळाची पेज घेऊन त्यांच्या घरी गेलो. मामू ठणठणीत होते. "तब्येत बरी आहे, कपडे बरे नाहीत," असे म्हणून त्यांनी खुंटीवरचा कुर्ता दाखवला. छातीपासून खाली लाल मातीचे शिंतोडे. मामींनी दोनदा धुऊनही डाग तसेच.

मामूंची सायकल म्हणजे हाताने चालवायची तीनचाकी. पुढे एक चाक, मागे दोन, मधे बैठक. हाताचे पॅडल छातीसमोर आणि त्याची साखळी पुढच्या चाकाला. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून १९८१ पासून दिव्यांगांना अशी साधने मिळतात. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी या तीनचाकी बनवते. आपल्या वाचकांपैकीही काही घरांत ती असेल. मामूंच्या सायकलीचे पुढचे मडगार्ड बोल्टापाशी गंजून तुटले होते. खडखड आवाज येतो म्हणून कोणीतरी ते काढून ठेवले आणि परत बसवायचे राहून गेले. उन्हाळ्यात कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आम्ही म्हटले, "जुम्याला रिक्षाने नेऊ." मामू हसले. "एक जुमा न्याल, दोन न्याल. टपरीवर रोज कोण नेणार?" मग आम्ही चिखलाचा विषय काढला. रस्त्यावरचा चिखल टाळता येत नाही, म्हणून त्यात सवलत आहे, नजासत उघड दिसली तर मात्र ती धुवावी, हे आमच्या इमामसाहेबांनी पूर्वीच सांगितले होते. मामूंनाही ते ठाऊक होते. ते म्हणाले, "नमाज होते हो. पण सफमध्ये शेजारच्याच्या पांढऱ्या कुर्त्याला माझा चिखल लागतो. तो काही बोलत नाही, थोडा सरकतो. ते मला बघवत नाही."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मडगार्ड आणायला निघालो. दोन चकरा झाल्या, एक मडगार्ड वाया गेले आणि त्यातून जे शिकलो ते या महिन्याच्या पानात देत आहोत.

पहिली गोष्ट, चिखल कुठून उडतो ते समजून घ्यावे. चाक फिरताना त्याची मागची बाजू जमिनीवरून वर जाते, माथा पुढे सरकतो आणि पुढची बाजू खाली येते. टायरला चिकटलेले पाणी ज्या जागी सुटते, त्या जागी चाक ज्या दिशेने जात असेल त्याच दिशेने ते उडते. म्हणजे चाकाच्या मागच्या बाजूने सुटलेले पाणी वर आणि मागे येते. साध्या सायकलवर माणूस उंच बसतो, पुढच्या चाकाचे पाणी त्याच्या फार तर पायांवर येते. तीनचाकीत माणूस खाली आणि चाकाच्या अगदी मागे बसलेला. तेच पाणी त्याच्या मांडीवर, छातीवर, हातांवर येते. माथ्यावरून सुटलेले पाणी पुढे उडते, आणि सायकल वेगात असली की तोच फवारा तोंडावर येतो. युरोपात पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या रिकम्बंट सायकली असतात. त्या हौसेने चालवल्या जातात, पण खाली बसल्यामुळे चिखलाची अडचण त्यांनाही येते. म्हणून अशा वाहनाला मडगार्ड ही शोभेची वस्तू नव्हे.

दुसरी गोष्ट, माप. दुकानात जाण्याआधी टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचून कागदावर लिहून घ्यावा, उदाहरणार्थ २८ × १½. पहिला आकडा चाकाच्या उंचीचा, दुसरा टायरच्या रुंदीचा, दोन्ही इंचांत. मडगार्ड टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी निदान पाच-पाच मिलिमीटर जास्त रुंद हवे. आमची पहिली चूक इथेच झाली. दिसायला सुबक म्हणून अरुंद मडगार्ड आणले आणि पाणी दोन्ही कडांनी बाहेर येऊ लागले.

तिसरी गोष्ट, पत्रा की प्लास्टिक? पत्रा मजबूत असतो, वाकला तर ठोकून सरळ करता येतो, पण कोकणच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो. घ्यायचा असेल तर आतल्या बाजूलाही रंग मारून घ्यावा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. प्लास्टिक गंजत नाही आणि हलके असते, पण बोल्टाच्या भोकापाशी तडकते. त्यासाठी भोक कडेपासून दूर पाडावे आणि दोन्ही बाजूंनी मोठा वॉशर घालावा. आम्ही शेवटी जाड प्लास्टिकचे घेतले.

आता बसवणे. टायर आणि मडगार्ड यांच्यात साधारण एक बोट जावे एवढी फट ठेवावी. आमच्याकडची लाल माती चिकट, म्हणून आम्ही दीड बोट ठेवली. फट फार कमी असली की माती आत साचून घट्ट बसते आणि चाक जड होते. फट सगळीकडे सारखी असावी. चाक हाताने फिरवून पाहावे, कुठेही घासता कामा नये.

बोल्टाचे डोके आत, टायरकडे ठेवावे आणि नट बाहेर. उलटे बसवले तर बोल्टाचे टोक टायरला लागून ते फाडू शकते. नटाखाली स्प्रिंग वॉशर घालावा, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर नट सैल होतो. आधाराच्या सळ्यांची जास्तीची टोके कापून घासून घ्यावीत आणि त्यांवर रबराची टोपी चढवावी. तीनचाकीत हात चाकाच्या जवळ असतात, ते टोक बोटाला लागते.

पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला रबराचा पडदा लावावा. जुन्या टायरचा तुकडा चालतो, आम्ही तोच लावला. तो जमिनीपासून चार बोटे वर राहील इतका लांब असावा. त्याहून खाली आला तर दगडाला अडकतो. पायांवर आणि मांडीवर येणारे बरेचसे पाणी या पडद्याने अडते. मागच्या चाकांनाही तसाच पडदा हवा. चढावर मामी मागून सायकल ढकलतात आणि त्या चाकांचा चिखल त्यांच्या अंगावर येतो. हे मामींनी आजवर कोणाला सांगितलेच नव्हते. आम्ही विचारले तेव्हा कळले.

सगळे बसवून झाल्यावर मामू म्हणाले, "आता इम्तिहान घ्या." मामींनी जुनी पांढरी चादर त्यांच्या मांडीवर आणि छातीवर बांधली. मामूंनी रोजच्या वेगाने गल्लीतल्या डबक्यातून सायकल नेली. मुलांची तर चैन झाली. चादर पाहिली तर छाती स्वच्छ, पाय स्वच्छ, पण उजव्या कोपरापाशी डाग. उजव्या मागच्या चाकाच्या मडगार्डचे पुढचे टोक आखूड होते आणि माथ्यावरून पुढे येणारे पाणी तिथून निसटत होते. तिथे जुन्या मडगार्डचा तुकडा जोडला. दुसऱ्या फेरीत चादरीवर चार-दोन थेंबच आले. वाचकांनीही ही चादरीची परीक्षा जरूर घ्यावी, पण माणूस बसवूनच घ्यावी. रिकामी सायकल ढकलून काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. तीनचाकीत मागची चाके बैठकीच्या अगदी बाजूला असतात. ओढणी, बुरख्याचा घेर किंवा दुपट्टा आऱ्यांत गेला तर गळ्याला फास बसू शकतो. तिथे मडगार्ड एकटे पुरत नाही. बैठक आणि चाक यांच्यामध्ये पत्र्याची किंवा घट्ट विणीच्या जाळीची आडवी बाजू लावून घ्यावी, आणि ओढणीची टोके बसण्याआधी कमरेशी खोचावीत. पाऊस असो वा नसो, घरात मुलगी किंवा सून तीनचाकी वापरत असेल तर हे काम आधी करावे.

शेवटी देखभाल. आठवड्यातून एकदा मडगार्डच्या आतली माती काठीने काढावी. महिन्यातून एकदा सगळे नट पान्याने तपासावेत. खडखड ऐकू आली तर त्याच दिवशी पाहावे. सैल मडगार्ड किंवा त्याची सळी पुढच्या चाकाच्या आऱ्यांत अडकली तर चाक जागीच थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून तुटके मडगार्ड दोरीने बांधून चालवू नये. काढावे, पण काढून कोनाड्यात विसरू नये.

पुढच्या जुम्याला पाऊस मुसळधार होता. मामू अजानच्या आधी आले. अंगावर रेनकोट, आत तोच कुर्ता, जुन्या डागांसकट. सफच्या टोकाला नेहमीच्या जागी बसले. टपरीही त्याच आठवड्यात उघडली, आणि आमच्या घरच्या तीन मोडक्या छत्र्या त्यांनी आग्रहाने फुकट दुरुस्त केल्या. पैसे द्यायचा आम्ही खूप प्रयत्न केला.

आपल्या मोहल्ल्यात कोणाची तीनचाकी पावसाळ्यात ओट्यावर नुसती उभी असेल, तर एकदा तिच्या पुढच्या चाकाकडे पाहा. आणि चालवणाऱ्यालाच विचारा, शिंतोडे नेमके कुठे येतात. ढकलणाऱ्यालाही विचारा.