झेंडा उतरवायचा कसा?

६ एप्रिल १९३०. दांडीला गांधीजींनी मीठ उचललं त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांनी राष्ट्रीय झेंडा चढवला. असा झेंडा लावणारी देशातली ही पहिली नगरपालिका, असं सोलापूरकर आजही छाती फुगवून सांगतात. (झेंडा चरख्याचा होता, चक्र १९४७ मध्ये आलं.) पुढच्याच महिन्यात मार्शल लॉ लागला. झेंडा मिरवणं, गांधी टोपी घालणं गुन्हा ठरलं. हिंमत लागायची ती झेंडा न उतरवायला.

स्वातंत्र्यानंतर खासगी जागेवर रोज तिरंगा लावायला आडकाठी केली ती आपल्याच सरकारने. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी छत्तीसगडमधल्या रायगढच्या कारखान्यावर तो लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, आणि मानाने झेंडा फडकवणं हा मूलभूत हक्क आहे हे ठरायला २००४ साल उजाडलं. पुढे २०२१ च्या अखेरीस पॉलिस्टरचा झेंडा चालू लागला आणि २०२२ मध्ये तो रात्रीही ठेवायची मुभा मिळाली. माझ्या मते घोळ झाला तो इथे. रोज संध्याकाळी उतरवला की झेंडा हातात यायचा; कड उसवली, रंग विटला, लगेच दिसायचं.

आपल्या वैरागच्या पेठेत एका आडत दुकानाच्या शटरवर ऑगस्टपासूनचा तिरंगा आहे. केशरी पट्टा पार पिवळट झालाय. आत संतनाथ महाराजांच्या तसबिरीशेजारी टेबलावरचा छोटा झेंडा मात्र रोज पुसला जातो. बाहेरचा आता काढा की, म्हटलं. मालक म्हणाले, "लावताना कुणी इचारलं नाही सर. काढताना समदी इचारतेत."

ध्वजसंहिता सांगते, विटका-फाटका झेंडा लावू नये; तो खासगीत, अख्खा, शक्यतो जाळून नष्ट करावा. चारचौघांत जाळला तर १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद. हे ऐकून मालकांनी शेजारच्या गच्चीकडे बोट केलं. "परसात जाळला अन् वरनं कुणी मोबाइलवर काढलं, मग?"

भीती खोटी नाही. आपल्या नगरपंचायतीने १६ ऑगस्टला कचेरीत एक पेटी ठेवावी, जुने झेंडे मोजून घ्यावेत आणि हवी त्याला पावती द्यावी. आमचे आडतदार पावतीशिवाय पोतंही हलवत नाहीत.